स्कूटीचा मागचा ब्रेक : अर्धा फेरा आपल्या हातात



या पानावर आपण दर अंकात एक धडा शिकतो. कधी कर्जफेडीचा हिशोब, कधी शेळ्यांचं लसीकरण. या वेळचा धडा गाडीचा आहे. तुम्ही म्हणाल, गटाच्या अंकात गाडीचं काय काम? जरा मोजून बघा. तुमच्या गावातली बँक सखी कशावर फिरते? पशुसखी कशावर येते? डेअरीत दूध घालायला, मुलीला हायस्कूलला सोडायला, मसाल्याची पाकिटं बाजारात पोचवायला आपण कशावर जातो? स्कूटी आपल्यातल्या पुष्कळ जणींचे पाय झाली आहे. पेट्रोल आपण भरतो, हप्ता आपण फेडतो, पण ब्रेक बघायचं काम मात्र घरातल्या पुरुषावर सोडून देतो.

मीही सोडलं होतं. म्हणून आधी माझी चूक सांगते, मग धडा.

मागच्या पावसाळ्यात ग्रामसंघाच्या बैठकीला निघाले होते. पिशवीत कर्जमागणीचे अर्ज, मागे बसलेल्या आमच्या एका गटाच्या अध्यक्ष काकू. माझी स्कूटी २०१६ सालची. डाव्या हाताचा ब्रेक महिनाभर ढिला लागत होता. आधी अर्धा दाबला की गाडी थांबायची, मग पूर्ण दाबायला लागायचा. मला कळत होतं. पण मनात म्हणायचे, रविवारी भाऊ येईल तेव्हा बघेल. असे चार रविवार गेले.

त्या दिवशी उतारावर समोरून शेळ्या आडव्या आल्या. डावा ब्रेक दाबला तर लिव्हर सरळ मुठीला येऊन टेकला. गाडी थांबेना. घाबरून उजवा, म्हणजे पुढचा ब्रेक करकचून दाबला. खाली बारीक खडी होती. पुढचं चाक घसरलं आणि आम्ही दोघी रस्त्यावर. मला खरचटलं. काकूंचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. घरात दोन म्हशी, आणि धारा काढणारा हात तोच. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "पोरी, शेळ्या आडव्या आल्या, तू काय करणार?"

पण शेळ्या रोजच आडव्या येतात. ब्रेक ढिला ठेवला होता तो मी. गाडी दुरुस्तीला नेली तेव्हा मेस्त्रींनी एक नट थोडा फिरवला आणि म्हणाले, "झालं, मॅडम." पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पाच मिनिटांचं काम मी महिनाभर टाळलं आणि त्याची किंमत काकूंच्या हाताने मोजली. त्यानंतर मी हे काम शिकून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगते.

ब्रेक आत कसा चालतो?

स्कूटीच्या मागच्या चाकाच्या मध्यभागी एक लोखंडी डबा असतो. त्याला ड्रम म्हणतात. तो चाकाबरोबर फिरतो. डब्याच्या आत अर्धचंद्रासारखे दोन तुकडे असतात. त्यांना ब्रेक शू म्हणतात, आपल्याकडचे मेस्त्री लायनर म्हणतात. हे तुकडे फिरत नाहीत, जागेवरच असतात. आपण लिव्हर दाबला की केबल ओढली जाते, केबल चाकाजवळची एक छोटी दांडी ओढते, आणि ती दांडी आतले दोन्ही तुकडे बाहेरच्या बाजूला पसरवते. तुकडे ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबतं.

फिरत्या पातेल्यात दोन्ही तळवे घालून आतून बाजूला दाबले तर पातेलं थांबेल ना? अगदी तसंच. लिव्हर सोडला की आतल्या स्प्रिंगा तुकड्यांना परत मागे ओढतात आणि चाक मोकळं होतं.

आता घासून घासून हे तुकडे झिजतात. झिजले की ड्रम आणि तुकडे यांच्यातलं अंतर वाढतं. शिवाय केबलही वापराने थोडी ताणते. म्हणून लिव्हर जास्त ओढावा लागतो. त्या दांडीवरचा नट फिरवून वाढलेलं अंतर परत कमी करायचं, एवढंच हे काम आहे.

उशीर किती महागात पडतो?

ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. म्हणजे लिव्हर चाचपडण्यात एक सेकंद गेला, तर आपलं आख्खं अंगण आणि पुढचा रस्ताही ओलांडून झाला. आणि वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नाही, जवळपास चौपट होतं. मागे माणूस किंवा दुधाचे कॅन असतील तर ब्रेकवर ताण आणखी.

पाना न घेता करायची तपासणी

गाडी सपाट जागेवर डबल स्टँडवर लावा. चावी काढून खिशात किंवा पदराला. इंजिन थंड असू द्या. लहान मुलांना बाजूला करा.

१. लिव्हरचं मोकळं अंतर बघा. डावा लिव्हर एका बोटाने हळूच ओढा. सुरुवातीला तो अगदी सहज येतो, मग जोर लागायला लागतो. जोर लागेपर्यंत लिव्हरचं टोक जेवढं हलतं, ते मोकळं अंतर. बऱ्याच स्कूटींना ते १० ते २० मिलिमीटर असावं लागतं, म्हणजे साधारण एका बोटाच्या जाडीइतकं. मुलांच्या कंपासमधली पट्टी घ्या आणि मोजा. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतो. ते पुस्तक डिकीत नाहीतर कपाटात असतं. शोधून ठेवा.

२. पूर्ण दाबून बघा. लिव्हर जोरात दाबला आणि तो मुठीला टेकला, तर ती गाडी रस्त्यावर काढायची नाही. जवळ जायचं असलं तरी नाही.

३. चाक हाताने फिरवा. लिव्हर सोडलेला असताना मागचं चाक मोकळं फिरलं पाहिजे. थोडी घसघस चालते. पण चाक अडत असेल तर ब्रेक आधीच घट्ट आहे.

४. बाण बघा. ब्रेकच्या दांडीजवळ बऱ्याच गाड्यांना एक छोटा बाण असतो आणि शेजारी एक खूण कोरलेली असते. मैत्रिणीला लिव्हर पूर्ण दाबून धरायला सांगा. बाण त्या खुणेला जाऊन भिडला असेल तर लायनर संपले. मग नट फिरवायचा नाही, लायनर बदलायचे.

नट कसा फिरवायचा?

बहुतेक स्कूटींमध्ये मागच्या चाकाजवळ, डाव्या बाजूला खाली, इंजिनाचा भाग जिथे संपतो तिथे केबलचं टोक येतं. टोकाला आटे असतात आणि त्यावर नट. सापडत नसेल तर मैत्रिणीला लिव्हर दाबायला सांगा. जी दांडी हलेल, तिच्या टोकाचा तो नट. शोधताना बोटं त्या दांडीत घालू नका, आणि सायलेन्सरपासून लांब राहा.

१. आधी नट आणि आटे फडक्याने पुसून घ्या. चिखल बसलेला असतो. फुंकर मारू नका, हवेचा पाइपही लावू नका. ब्रेकची धूळ नाकातोंडात जाणं चांगलं नाही. ओल्या फडक्याने पुसा.

२. डाव्या लिव्हरला ब्रेक अडकवून ठेवायची कडी असेल तर ती सोडवा. नाहीतर माप चुकतं.

३. नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. त्याने मोकळं अंतर कमी होतं. उलट फिरवला तर वाढतं. नट हाताने फिरला नाही तर बसेल त्या मापाचा पाना घ्या. सैल पाना वापरलात तर नटाचे कोपरे जातात.

४. एका वेळी फक्त अर्धा फेरा. नटाला एक खाच असते, ती दांडीतल्या गोल पिनवर नीट बसली पाहिजे. खाच बसली नाही तर गाडी चालवताना नट आपोआप बसतो आणि केलेली जुळवणी बिघडते.

५. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर लिव्हर दोन-तीनदा दाबा, पट्टी लावून माप घ्या, चाक फिरवून बघा. माप जमलं की थांबा.

आता इथे एक मोह होतो. वाटतं, अजून थोडा आवळला तर ब्रेक आणखी चांगला लागेल. तसं होत नाही. मोकळं अंतर अजिबात ठेवलं नाही तर लायनर सतत ड्रमला घासत राहतात. ड्रम तापतो, लायनर लवकर झिजतात, पेट्रोल जास्त जातं आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी कमी पकडतो. ओल्या रस्त्यावर चाक एकदम अडकून गाडी घसरूही शकते. भाकरीचं पीठ मळताना पाणी बेताने घालतो ना, तसाच हा नट. बेताने.

दोन्ही ब्रेक एकत्र लागणाऱ्या गाड्या

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एकत्रित ब्रेकची सोय सक्तीची झाली. त्यामुळे तुमची स्कूटी त्यानंतरची असेल तर बहुधा डावा लिव्हर दाबला की मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक थोडा लागतो. सोय चांगली आहे, पण एका लिव्हरवर दोन ब्रेक असल्यामुळे दोन्हींची जुळवणी बरोबर लागते. अशा गाडीला घरी मागच्या नटाचा अर्धा, फार तर एक फेरा द्या. तेवढ्याने माप आलं नाही तर पुढे हात घालू नका, मेस्त्रींकडे न्या.

नट कुठे थांबवायचा?

आमच्या भागातल्या एका बँक सखीची गोष्ट सांगते. ती दर महिन्याला नट आवळून घ्यायची. ब्रेक दोन आठवडे चांगला, की परत ढिला. एक दिवस नट आट्यांच्या शेवटापर्यंत गेला. ड्रम उघडला तर लायनर घासून पत्र्याला आलेले, आणि ड्रमलाही आतून चरे पडलेले. लायनर वेळेत बदलले असते तर ड्रम वाचला असता.

ताईंनो, व्याज भरत राहायचं आणि मुद्दलाला हात लावायचा नाही, असं कर्ज कधी फिटतं का? नट आवळत राहणं हे व्याज भरण्यासारखं आहे. लायनर बदलणं म्हणजे मुद्दल फेडणं. म्हणून पुढीलपैकी काहीही दिसलं तर पाना खाली ठेवा आणि गाडी गॅरेजला न्या :

• बाण खुणेला भिडला आहे.
• नट आट्यांच्या शेवटाजवळ आला आहे.
• ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखा खर्रर्र आवाज येतो.
• केबलचे धागे सुटले आहेत, किंवा लिव्हर सोडल्यावर परत येत नाही.
• ब्रेकच्या आसपास ऑइल गळलेलं दिसतं. लायनरला ऑइल लागलं की ते पकड सोडतात. ब्रेकच्या आत कधीही तेल किंवा ग्रीस सोडायचं नाही.

गॅरेजला गेल्यावर "ब्रेक बघा" एवढंच सांगू नका. "मागचे लायनर बाहेर काढून मला दाखवा" असं सांगा. जुने लायनर मागून घ्या. आपल्या पैशाची वस्तू आहे, विचारायला लाजायचं नाही.

काम झाल्यावर

लगेच रस्त्यावर जाऊ नका. आधी गाडी बंद ठेवून अंगणात ढकला आणि डावा ब्रेक दाबून बघा. मग मोकळ्या जागेत अगदी हळू चालवून दोन-तीनदा थांबवा. मागचा दिवा ब्रेक दाबल्यावर लागतो का, आणि सोडल्यावर विझतो का, हे कोणाला तरी बघायला सांगा. एक-दोन किलोमीटर जाऊन आल्यावर मागच्या चाकाच्या मध्याजवळ हात न्या, लावू नका, चटका बसेल. ब्रेक फारसा न वापरताही तिथून झळ येत असेल तर नट जास्त आवळला गेला आहे. गार झाल्यावर अर्धा फेरा उलट द्या.

चालवताना लक्षात ठेवा

ओढ्यातून किंवा पाणी वाहणाऱ्या फरशीवरून गाडी आणली, किंवा गाडी धुतली, की ड्रममध्ये पाणी जातं आणि ब्रेक कमी लागतो. थोडं अंतर हळू जा, ब्रेक हलके हलके चार-पाचदा दाबा. घासून लायनर कोरडे होतात.

थांबताना दोन्ही ब्रेक मिळून वापरा. खडी, चिखल, ओलं शेण असेल तिथे आधीच वेग कमी करा. पुढचा ब्रेक एकदम करकचून दाबायचा नाही. मी तेच केलं होतं.

उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायची सवय कोणाला असेल तर ती आजच सोडा. इंजिनाचा जो थोडा अडसर मिळतो तोही जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आणि हेल्मेट दोघींनाही हवं. त्या दिवशी माझ्या डोक्यावर होतं, काकूंच्या नव्हतं. मनगटावर निभावलं, एवढंच.

घरी मोटारसायकल किंवा चारचाकी असेल तर

मोटारसायकलचा मागचा ड्रम ब्रेकही असाच नटाने जुळवतात. तिथे पायाच्या पॅडलचं मोकळं अंतर बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर असतं. एक गोष्ट विशेष : चेन ताणून घेतली की चाक मागे सरकतं आणि ब्रेकचं माप बदलतं. म्हणून चेनचं काम झालं की ब्रेक पुन्हा तपासायचा.

काही गटांनी मालवाहतुकीला ईकोसारखी गाडी घेतली आहे. अशा बऱ्याच छोट्या चारचाकींना मागे ड्रम ब्रेकच असतात. तत्त्व तेच, पण काम वेगळं. तिथे केबलऐवजी ब्रेक ऑइलचा दाब चालतो आणि पुष्कळ गाड्यांत लायनरचं अंतर आपोआप जुळत राहतं. शिवाय गाडी उचलायला लागते. हँडब्रेक मागच्या चाकांनाच लागतो, त्यामुळे मागची चाकं उचलून हँडब्रेक सोडला की गाडीला धरून ठेवणारं काही उरत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, घरातल्या पुरुषालाही जाऊ द्यायचं नाही. हे काम गॅरेजचं.

आपण मात्र दोन गोष्टी बघू शकतो. हँडब्रेक पूर्वीपेक्षा जास्त वर ओढावा लागतो का? आणि बॉनेटखाली ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये आहे का? पातळी उतरत असेल तर लायनर झिजले आहेत किंवा कुठेतरी गळती आहे. दोन्ही वेळा गाडी दाखवायचीच. वरून ऑइल ओतून गप्प बसायचं नाही.

गटात करायचं काम

पुढच्या बैठकीत बचत आणि परतफेडीचा व्यवहार झाल्यावर पंधरा मिनिटं काढा.

१. गटात किती जणींकडे गाडी आहे आणि शेवटचा ब्रेक कधी तपासला होता, हे प्रत्येकीने सांगावं.
२. दारातल्या एका स्कूटीवर सगळ्यांनी मिळून लिव्हरचं माप घ्यावं आणि नट कुठे आहे ते शोधावं. जिला गाडी चालवता येत नाही, तिनेही. मागे बसणारी तीच असते.
३. गटात मिळून पान्यांचा एक संच घ्यायचा का, यावर चर्चा करून ठराव वहीत लिहावा.
४. दर महिन्याच्या पहिल्या बैठकीला येताना ब्रेकचं माप बघूनच निघायचं, असं ठरवावं.

काकूंचं प्लास्टर निघाल्यावर मी त्यांना भेटायला गेले. धार काढत होत्या. जाताना म्हणाल्या, "पुढच्या बैठकीला तुझ्याच गाडीवर येणार बरं का." मला भरून आलं. बैठकीच्या दिवशी त्यांना घ्यायला गेले तर बाई पट्टी घेऊन उभ्या. नातवाची. आधी लिव्हर ओढला, माप घेतलं, मान हलवली, मगच मागे बसल्या. डोक्यावर हेल्मेटही होतं.

तुमच्याही गाडीवर बसणारं कोणी असंच विश्वासाने बसतं. तेव्हा भाऊ येईल, नवरा बघेल, म्हणून रविवारची वाट बघू नका. पट्टी घ्या आणि आजच बघा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक